मुलीसाठी पहिलं एअर पिस्तूल: एवढ्या बजेटमध्ये नवं घ्यावं की जुनं?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी आठवीत आहे, सांगलीच्या बाजूला राहता, गेले काही महिने ती क्लबच्या पिस्तुलावर दहा मीटरची प्रॅक्टिस करतेय आणि आता कोच म्हणतायत की स्वतःचं घ्या. बजेट साठ-सत्तर हजार, फार ताणलं तर लाख. चार लोकांना विचारलं तर चार वेगळी नावं मिळाली, त्यात लायसन्स लागतं की नाही हा घोळ, आणि धाकटा मुलगा डावखुरा आहे तर दोघांत एकच चालेल का हा शेवटचा प्रश्न. मी बरीच वर्षं स्वतः पिस्तूल मारतोय, आता मुलांना शिकवतो, आणि दर सीझनला हाच प्रश्न कोणी ना कोणी पालक विचारतातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. तुमच्या बजेटमध्ये क्लबमधल्या एखाद्या ओळखीच्या शूटरचं वापरलेलं, मेकॅनिकल ट्रिगरचं, हवेच्या सिलिंडरवर चालणारं मॅच पिस्तूल शोधा, आणि शोधताना कंपनीच्या नावाआधी ग्रिपची साइज बघा. नवीन हवंच असेल तर थांबा, पैसे जमू द्या, तोपर्यंत क्लबचं पिस्तूल काय वाईट नाही. पण नवीन हवं म्हणून दहा-पंधरा हजाराचं स्प्रिंगवालं घेऊन येऊ नका, ते पैसे गेले म्हणून समजा.

लायसन्सचं आधी उरकून टाकू. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ज्या एअर वेपनची ऊर्जा २० जूलच्या आत आहे आणि बोअर .१७७ म्हणजे ४.५ मिमीच्या वर नाही त्याला लायसन्स लागत नाही. मॅचच्या एअर पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे हिशोब केला तर पाच-सहा जूल होतात, त्यामुळे मर्यादेच्या जवळपास पण जात नाही. डीलर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, रजिस्टरला नोंद करतो, ते मुकाट्याने द्यायचं. मुलगी लहान आहे म्हणून बिल तुमच्या नावावर करा. कोल्हापूरची राही सरनोबत ज्या इव्हेंटमध्ये २०१८ च्या एशियन गेम्सला गोल्ड जिंकली ते २५ मीटरचं .२२ पिस्तूल, ती वेगळी गोष्ट आहे, ते फायरआर्म आहे आणि त्याला लायसन्सची पूर्ण प्रोसेस आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नका. आणि एक, लायसन्स नको म्हणजे काहीही चालतं असं नाही. लांबून बघणाऱ्याला ते पिस्तूलच दिसतं. एसटीत, स्टेशनवर, हॉटेलात बॉक्सच्या बाहेर काढायचं नाही, बिलाची आणि क्लबच्या कार्डाची झेरॉक्स बॉक्समध्येच ठेवायची, विमानाने जायचं असेल तर एअरलाइनला आधी सांगून चेक-इनमध्ये टाकायचं आणि सिलिंडर काढून, पूर्ण रिकामं करून.

आता लोकांची मतं. मालकांना विचारायला हवंच, कारण कॅटलॉग वाचून काही कळत नाही, पण विचारायचं कसं तेही कळायला हवं. लाख रुपये घालून घेतलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवत नाही, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे रेंजवर रोज ऐकायला मिळतं. स्टेयर, मोरिनी, पार्डिनी या पिस्तुलाच्या कंपन्या, तर स्टेयरवाला मोरिनीला नावं ठेवणार, मोरिनीवाला पार्डिनीला. म्हणून "कसं आहे?" असं विचारूच नका, उत्तर "एक नंबर" हेच येणार. त्यापेक्षा विचारा की घेतल्यापासून काय काय बदललं, सील कधी बदललं आणि कोणी बदलून दिलं, पार्ट यायला किती वेळ लागला, ग्रिप होती तशीच वापरता की घासली, आणि आज परत घ्यायचं झालं तर हेच घ्याल का. शेवटच्या प्रश्नाला माणूस जेवढा वेळ गप्प राहतो त्यातच अर्धं उत्तर मिळून जातं.

स्वस्तातल्या टोकापासून सुरू करू. ऑनलाइन जी खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी सीओटू गॅसवाली मिळतात ती डब्यांवर टिकटिक करायला ठीक, नेमबाजीशी त्यांचा संबंध नाही. त्यांचा ट्रिगर इतका जड आणि लांब असतो की मूल बोटाने नाही, अख्ख्या हाताने ओढायला शिकतं. मग येतात स्प्रिंगवाली, नळी मोडून कॉक करायची. ती घेणाऱ्यांचं मत पहिले दोन महिने छान असतं, नो सिलिंडर, नो पंप, घ्या आणि मारा. अडचण अशी की स्प्रिंग सुटते तेव्हा आत एक जड पिस्टन पुढे धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्तूल हातात हलतं. मोठ्या माणसाला दोन हातांनी धरून ते सांभाळता येतं, पण आपला खेळ एका हाताचा आहे. तेरा वर्षांच्या पोरीचा हात त्या झटक्याची वाट बघायला शिकतो, ट्रिगर दाबायच्या क्षणी मनगट आधीच आखडतं, आणि ही सवय काढायला नंतर कोचला वर्ष लागतं. नळी आणि यंत्रणा रुळावर मागे सरकवून झटका हातापर्यंत पोचू न देणारी जुनी जर्मन मॅच स्प्रिंग पिस्तुलं होती, फाईनवेर्कबाऊ ६५ सारखी, आणि ती अजूनही कोणाकोणाच्या कपाटात आहेत, पण त्यांची सीलं आणि स्प्रिंग शोधत बसणं हा हौशी माणसाचा उद्योग आहे, आठवीतल्या मुलीच्या बापाचा नाही.

मधला वर्ग मला मनापासून आवडतो, तो म्हणजे एका स्ट्रोकमध्ये हवा भरायचा. लिव्हर एकदा उघडून बंद केला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते, सिलिंडर नाही, झटका जवळजवळ नाही. यात वायराउखचं एचडब्ल्यू ४० आहे, जर्मन, प्लास्टिक बॉडीचं. ज्यांच्याकडे आहे ते सगळे एकच सांगतात की किमतीच्या मानाने नेम अफलातून आहे आणि ट्रिगर सुखद आहे, आणि ते खरं आहे. पण त्याची ग्रिप साध्या पिस्तुलासारखी, तळहाताला आधार देणारी खालची पट्टी नाही, साइटला हिरवे-लाल चमकणारे ठिपके. घरी मजेसाठी उत्तम, मॅचला ते घेऊन उभं राहिलेलं मूल पहिल्या वीस शॉटनंतर दमतं. दुसरं रशियन बायकालचं आयझेडएच ४६ एम. हे आता बनत नाही पण जुन्या शूटरांकडे कुठे कुठे दिसतं आणि त्याचे मालक त्याबद्दल घरच्या म्हाताऱ्या बैलासारखं प्रेमाने बोलतात. नळी खरोखर मॅच दर्जाची, ट्रिगर सगळ्या बाजूंनी सेट होतो, ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडून नुसता ट्रिगर कॉक करून ड्राय फायर, म्हणजे छर्र्याशिवाय ट्रिगरचा सराव, पण करता येतो. तोटा असा की लिव्हर जड आहे. साठ शॉट म्हणजे साठ वेळा तो लिव्हर, शिवाय सायटर्स, म्हणजे मॅचआधीचे नेम जुळवायचे शॉट, वेगळे, आणि तेरा वर्षांच्या मुलीचा खांदा चाळिसाव्या शॉटलाच बोलायला लागतो. तुमच्या घरात दणकट कॉलेजचा मुलगा असता तर मी म्हणालो असतो चांगलं सापडलं तर डोळे झाकून घ्या. मुलीसाठी नको.

मग उरतं सिलिंडरवालं, ज्याला सगळे पीसीपी म्हणतात. आज तुम्ही कुठल्याही स्टेटच्या मॅचला गेलात तर फायरिंग लाइनवर हेच दिसेल. नवीन घ्यायला गेलं तर आयात माल, ड्युटी, डीलरचं कमिशन सगळं धरून लाखाच्या वरच जातं, आणि वरच्या मॉडेलना त्याहून बरंच जास्त. कंपन्यांनी सुरुवातीच्या मुलांसाठी थोडी साधी मॉडेलं काढली आहेत, स्टेयरचं एलपी २ आणि हॅमर्लीचं एपी २० ही त्यातली दोन. एलपी २ मध्ये एलपी १० सारखा झटका शोषणारा अॅब्झॉर्बर नाही, बाकी घडण त्याच घराण्यातली. मालकांचं मत विचाराल तर एलपी २ वाले कंटाळवाणे लोक असतात, सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं, कारण काही बिघडत नाही. मला हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक वाटतं. एपी २० वजनाला हलकं, म्हणून लहान मुलांच्या पालकांना आवडतं, आणि तक्रार पण तीच, मूल मोठं झालं की हलकं वाटायला लागतं, हातात डुलतं. पार्डिनीचं के १२ असलेले लोक त्याच्या ट्रिगरबद्दल बोलताना थांबत नाहीत. वापरलेल्यामध्ये मोरिनीचं १६२ चं मेकॅनिकल मॉडेल, फाईनवेर्कबाऊची जुनी मेकॅनिकल मॉडेलं, स्टेयरचं जुनं एलपी १० असं काही काही निघत असतं, विशेषतः बारावी झाली, इंजिनिअरिंगला गेला, पोराने खेळ सोडला असं झालं की. दहावी-बारावीचे निकाल लागले की क्लबच्या ग्रुपवर लक्ष ठेवा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरबद्दल लोक तुम्हाला भरीस घालतील, कारण तो खरंच काचेसारखा तुटतो, प्रत्येक वेळी सेम. पण पहिल्या पिस्तुलाला मी नको म्हणतो. बॅटरी, सर्किट, आणि आपल्याकडे ते दुरुस्त करणारी माणसं किती? टोकियो ऑलिम्पिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, फायरिंग पॉइंट सोडून दुरुस्तीला जावं लागलं, घड्याळ चालूच, परत येऊन तिने घाईत उरलेले शॉट मारले आणि सहाशेपैकी ५७५ वर बारावी आली, फायनल दोन गुणांनी हुकली. तिच्याबरोबर अख्खी टीम होती. तुमच्या मुलीच्या डिस्ट्रिक्ट मॅचला तुम्ही आणि एक स्क्रू ड्रायव्हर असाल. मेकॅनिकल ट्रिगरची सवय झालेलं मूल पुढे इलेक्ट्रॉनिकवर आठवड्यात जातं, ती घाई आत्ता कशाला.

एक गैरसमज पण काढून टाका, की महागाचं पिस्तूल म्हणजे जास्त स्कोअर. दहा मीटरच्या पिस्तूल टार्गेटचा दहाचा गोल ११.५ मिमीचा असतो, काळा भाग ५९.५ मिमीचा. मी वर सांगितलेलं कुठलंही पीसीपी टेबलावर टेकवून मारलं तर एकाच भोकात छर्रे घालतं, अगदी दहा-बारा वर्षं जुनं असलं तरी. म्हणजे पिस्तूल मुळातच मुलीपेक्षा कितीतरी चांगलं आहे आणि पुढची चार-पाच वर्षं राहणार आहे. स्कोअर जातो तो हाताच्या हलण्यात आणि ट्रिगरच्या बोटात. म्हणून पैसे नळीवर नाही, हाताला काय लागतं त्यावर घालायचे, आणि हाताला लागतात दोनच गोष्टी, ग्रिप आणि ट्रिगर.

ग्रिपवर जरा थांबतो, कारण जुनं पिस्तूल घेताना पालक हमखास इथेच फसतात. विकणारा असतो पाच फूट दहा इंचाचा बाप्या, त्याची ग्रिप मीडियम किंवा लार्ज, आणि घेणारी तुमची मुलगी. तिच्या हातात ते द्या आणि बाजूने बघा. अंगठा आणि पहिल्या बोटामधली जी खोबण असते ती लाकडात वरपर्यंत घुसून बसली पाहिजे, तिथे फट दिसली तर ग्रिप मोठी आहे. मग ट्रिगरवर बोट. पहिल्या पेराचा मधला मऊ भाग ब्लेडवर यायला हवा. ग्रिप मोठी असेल तर नुसतं टोक पोचतं, आणि टोकाने दाबलं की ब्लेड मागे सरळ येत नाही, बाजूला ढकललं जातं, उजव्या हाताच्या शूटरचे छर्रे डावीकडे जातात. मग कोच ओरडतो मनगट घट्ट ठेव, मुलगी मनगट घट्ट ठेवते, शॉट अजून डावीकडे. महिनाभर रडारड चालते आणि दोष असतो लाकडाच्या आठ-दहा मिलिमीटरचा. तपासायची साधी युक्ती, मुलीला डोळे मिटून पिस्तूल उचलायला सांगा, हात स्थिर झाला की डोळे उघडायला सांगा. पुढची माशी मागच्या खाचेत आपसूक मधे दिसली पाहिजे. दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप तिच्या हाताची नाही. तळहाताला थोडी टाल्कम पावडर लावून पकडायला लावलं तर कुठे टेकतंय कुठे नाही ते लाकडावरच उमटतं.

ग्रिप मोठी असली म्हणून सौदा सोडायचा का? नाही. छोटी ग्रिप वेगळी विकत मिळते, फक्त ती त्याच मॉडेलची पाहिजे आणि तिची किंमत सौद्यात धरायची. किंवा आपला देशी उपाय, कानस, सँडपेपर आणि एम-सील. जिथे जास्त आहे तिथे घासायचं, जिथे फट आहे तिथे एम-सील भरून ओलं असतानाच हाताचा ठसा घ्यायचा. आमच्याकडे अर्ध्या मुलांच्या ग्रिप अशाच ठिगळाच्या आहेत, दिसायला भयानक, पण मारतात मस्त. फक्त ट्रिगरच्या जवळ हात घालण्याआधी कोचला दाखवा, आणि खालची पट्टी, म्हणजे पाम रेस्ट, हाताला गच्च आवळून लावू नका, नुसता आधार हवा, चिमटा नको.

वजन हा मुलींच्या बाबतीत खरा मुद्दा आहे. नियमात वरची मर्यादा दीड किलो आहे, खाली मर्यादा नाही. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांसारखेच साठ शॉट झाले, आधी चाळीस होते. साठ शॉटना सव्वा तास मिळतो, त्याआधी पंधरा मिनिटं सायटिंग. पण मूल साठच वेळा हात उचलत नाही, नको वाटलेला शॉट सोडून हात खाली घेतो तेही धरा, सायटर्स धरा, शंभरच्या वर उचलणं होतं. त्यामुळे नऊशे-साडेनऊशे ग्रॅमचं पिस्तूल आणि सव्वा किलोचं, यात शेवटच्या वीस शॉटला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बहुतेक मॅच पिस्तुलांना पुढे सुटी वजनं असतात, ती सगळी काढून टाका आणि वर्षाने एकेक लावा. छोट्या नळीची ज्युनिअर मॉडेलं पण येतात, मिळालं तर उत्तम, पण तेवढ्यासाठी वणवण नको.

ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे. मॅचला नळी सरळ वर धरून ट्रिगरला वजन टांगतात आणि ते उचललं गेलंच पाहिजे. जुन्या मालकाने हौसेने तो ४६०-४७० वर आणलेला असतो, प्रॅक्टिसला गोड वाटतं, आणि मॅचनंतरच्या तपासणीत पोरगी बाद. म्हणून घेतानाच क्लबचं टेस्ट वजन लावून बघा, आणि ५२० च्या आसपास सेट करून ठेवा. दाबताना पहिला टप्पा मऊ चालत येऊन एका भिंतीला टेकला पाहिजे, आणि तिथून थोडं दाबल्यावर एकदम सुटला पाहिजे. ती भिंत जाणवत नसेल, किंवा कधी जाणवते कधी नाही, तर ट्रिगर झिजलाय किंवा कोणीतरी खेळलंय. अशा वेळी किंमत पाडून मागायची नाही, सरळ निघून यायचं.

जुनं घेताना सगळ्यात महत्त्वाचं सिलिंडर. त्याच्यावर तारीख कोरलेली असते. आयएसएसएफ, म्हणजे नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमाने सिलिंडर दहा वर्षांच्या आतलं हवं आणि ती जबाबदारी शूटरची. नियम सोडा, दोनशे बारची हवा हातापासून चार बोटांवर आहे, जुनं सिलिंडर हा जिवाशी खेळ आहे. बारा-तेरा वर्षांचं पिस्तूल आणि तेवढंच जुनं सिलिंडर असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच बोलणी करा, आणि तो म्हणेल काही होत नाही हो, तर हसून सोडून द्या. दर कंपनीचे आटे वेगळे, मोरिनीचं स्टेयरला बसत नाही, त्यामुळे भरायचा अडॅप्टर सोबत आलाच पाहिजे, तो नसेल तर पहिल्याच दिवशी अडकाल. दोन सिलिंडर मिळत असतील तर दोन हजार जास्त द्यावे लागले तरी द्या. पिस्तूल बघायला जाल तेव्हा भरून, गेजचा फोटो काढून, रात्रभर ठेवायला सांगा, सकाळी काटा तिथेच हवा. मग टेबलावर टेकवून दहा मीटरवर दहा शॉट, मग मागच्या साइटचे क्लिक एका बाजूला चार आणि परत चार, आणि पुन्हा शॉट, तिथेच पडले पाहिजेत. नळीच्या तोंडाला ठोका बसलाय का ते नखाने चाचपून बघा. बिलावरचा आणि पिस्तुलावरचा नंबर जुळवा, बिल नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी नको, आणि विकत घेताना तुमच्या-त्याच्या सहीचा कागद करून दोघांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स जोडा.

हवा कुठून भरणार हा प्रश्न पुण्या-मुंबईत नाही, बालेवाडीला किंवा वरळीला रेंजवर सोय असते, पण गावाकडे तो आधी विचारा. तुमच्या रेंजवर स्कूबाची टाकी किंवा कॉम्प्रेसर असेल तर बात संपली. हातपंप घेणार असाल तर कोरडा करणारा फिल्टर असलेलाच घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, ते पंपातून सिलिंडरमध्ये जातं, आत साचतं, आणि सील आणि रेग्युलेटर खातं. कोकणातल्या मुलांची पिस्तुलं दिवाळीच्या सुमाराला सर्व्हिसला येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. भरताना हळू भरा, भसकन उघडलं की सिलिंडर तापतं, काटा दोनशे दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. आणि कोणी कितीही सांगितलं तरी हवेच्या वाटेला शिवणयंत्राचं तेल, डब्ल्यूडी फॉर्टी असलं काही लावायचं नाही, दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढं.

बजेटचं म्हणाल तर सगळे पैसे पिस्तुलात घालू नका, छर्र्यांना ठेवा. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला शंभर शॉट म्हटलं की पाचशेचा डबा आठवड्यात संपला. मॅच छर्रे चपट्या तोंडाचे असतात म्हणजे कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं, आणि डब्यावर ४.४९, ४.५० अशी डोक्याची साइज असते. मुलाचा स्कोअर सहाशेपैकी पाचशेच्या आत आहे तोवर साइजच्या चर्चेत पडू नका, एकाच कंपनीचा बरा छर्रा धरा आणि तोच ठेवा. प्रॅक्टिसचे शंभर शॉट पन्नासवर आणून उरलेला वेळ कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर केलं तर स्कोअर जास्त वाढतो आणि खर्च अर्धा होतो, बहुतेक मॅच पिस्तुलांना ड्राय फायरची सोय असतेच. घरी करताना नळीत सेफ्टीची रंगीत दोरी घालून, छर्र्याचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि छर्रे शिशाचे असतात, रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हे पोरांना पहिल्या दिवसापासून.

स्वप्नील कुसाळेने पॅरिसला मेडल आणल्यापासून आपल्या भागात रायफलची लाट आलीय आणि काही पालक पिस्तूल सोडून रायफलकडे वळवायचं का विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, खर्चाच्या हिशोबात पिस्तूल बरं. रायफलला जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह हे सगळं मापाचं लागतं, आणि मूल वाढलं की परत. पिस्तूलवाल्याला सपाट तळाचे साधे बूट, कानाला इअर प्लग, डोळ्याला चष्मा, झालं. मूल वाढलं तर फार तर ग्रिप बदलते. आणि चांगलं ठेवलेलं मॅच पिस्तूल तीन-चार वर्षांनी विकायला काढलं तरी घेतलेल्या जुन्या किमतीच्या फार खाली जात नाही, कारण मागे पुढच्या पोराचा बाप उभाच असतो. स्प्रिंगवालं मात्र कोणी घेत नाही, ते माळ्यावर जातं.

तुम्ही साठ-सत्तर म्हणालात, तर त्यात जुनं बरं पीसीपी मिळायला वेळ लागेल, पण मिळतं. घाईने येणाऱ्या मॅचसाठी म्हणून घेऊ नका. क्लबच्या पिस्तुलावर ती डिस्ट्रिक्टची मॅच खेळू शकते, नुसतं त्याच पिस्तुलावर रोज बसवा, आज हे उद्या ते नको, आणि क्लबला विचारून तिच्या मापाची एक ग्रिप तेवढी तुम्ही घ्या, शक्यतो पुढे जे मॉडेल घ्यायचा विचार आहे त्याचीच. कॅप्टन इझिकेल स्पर्धेच्या वेळी राज्यभरातले शूटर एका ठिकाणी येतात, तिथे कोचला सोबत घेऊन फिरा, चार पिस्तुलं मुलीच्या हातात देऊन बघता येतील आणि विकाऊ काय आहे तेही तिथेच कळतं. आणि निवड करताना तुमच्या रेंजवर ज्या कंपनीची पिस्तुलं जास्त आहेत तिकडे झुका. अडॅप्टर, सील, उसना सिलिंडर, सेटिंग माहीत असलेला माणूस, सगळं हाताशी राहतं. तुमच्या रेंजवर सगळे स्टेयरवाले असतील आणि तुम्हाला पार्डिनी दहा हजार स्वस्त मिळत असेल तर मी ते दहा हजार जास्त देऊन स्टेयर घेईन.

राहिला धाकटा. डावखुऱ्याला उजव्या हाताची ग्रिप अजिबात चालत नाही, ती हाताच्या आकारात कोरलेली असते, उलटी धरताच येत नाही. पण पिस्तूल तेच चालतं, डाव्या हाताची ग्रिप वेगळी घ्यायची आणि एका स्क्रूवर बदलायची. ट्रिगरचं ब्लेड थोडं फिरवावं लागेल, आणि साइट दोघांच्या वेगळ्या पडतील, म्हणून प्रत्येकाचे क्लिक वहीत लिहून ठेवा. प्रॅक्टिसला हे वर्षभर निभेल. मॅचला एकाच दिवशी, एकाच डिटेलमध्ये, म्हणजे एकाच वेळच्या तुकडीत, दोघांचे नंबर आले की मात्र एकाला क्लबचं पिस्तूल घेऊन उभं राहावं लागेल, आणि ते कोणी राहायचं हे भांडण घरी आधीच मिटवून ठेवा. त्याचा तर आधी डोळा तपासा, हात डावा पण डोळा उजवा असं खूप मुलांचं असतं, आणि तसं निघालं तर कोचशी बोलल्याशिवाय डाव्या ग्रिपचे पैसे घालू नका.